चढायचा दगड

जे. पी. नगर, बेंगळुरू
६ ऑक्टोबर २०२४

ती. तात्यांना कस्तुरीचा नमस्कार. कान धरूनच उभी आहे असं समजा.

दिवाळीचं भेटकार्ड सोडलं तर मी तुम्हाला आजवर कधी पत्र पाठवलेलं नाही. फोनच केला असता, पण मागच्या वेळी मी ‘तब्येत कशी आहे’ विचारलं आणि तुम्ही ‘पाऊस बरा झाला’ म्हणालात. कानाचं यंत्र कपाटात आणि फोन कोनाड्यात, असं आईने सांगितलं. म्हणून हा कागद.

तात्या, मी घोडी घेतलीय. आधी घोटभर पाणी प्या, मग पुढे वाचा.

दोन वर्षं झाली, दर रविवारी सकाळी मी बोम्मसंद्राच्या पुढे एका तबेल्यात घोड्यावर बसायला शिकते. आईला योगासनांचा वर्ग सांगितलाय. बाबांपुढे घोड्याचं नाव काढलं की ते ताटावरून उठायचे. ते गेल्यावरच मी रिकिबीत पाय घातला. अजूनही रविवारी निघताना त्यांच्या फोटोकडे बघायचं टाळते.

घोडी शर्यतीतली. तीन वर्षं धावली, एकदाही जिंकली नाही, मग अशा घोड्यांना घर शोधून देणाऱ्या एका संस्थेने ती मला दिली. सात वर्षांची, तांबूस, कपाळावर चांदणी. तबेल्याचे मालक प्राणेश यांनी तिला जागा दिली ती एका बोलीवर. जानेवारीअखेर ती शिकाऊ मुलांना पाठीवर घेण्याइतकी शांत झाली पाहिजे. नाही झाली तर तिला न्यायला माणूस तयार आहे, लग्नाच्या वरातींना घोडे पुरवणारा. तिच्या कानाशी नुसती प्लॅस्टिकची पिशवी वाजली तरी ती थरथरते. बँड आणि फटाक्यांत तिचं काय होईल याचा मी विचार करत नाही. म्हणजे दिवसभर तोच करते.

अडचण एकच आहे. पाठीवर गेल्यावर ती बरी चालते, पण चढूच देत नाही. चढायला आमच्याकडे लाकडी ठोकळा आहे. तिला त्याच्याशी नेली आणि मी रिकिबीत पाय घातला की ती चालू पडते. पुस्तकं वाचून झाली, व्हिडिओ बघून झाले. आता घरचा चाबुकस्वार काका तेवढा उरलाय. सांगा, काय करू?

तुमची,
कस्तुरी

ता. क. आईला सांगू नका.


मळा, निपाणी
दसरा, १२ ऑक्टोबर २०२४

चि. कस्तुरीस आशीर्वाद.

पाणी प्यालो. दोन तांबे.

आज दसरा. आपल्या घरी या दिवशी घोड्याच्या कपाळाला कुंकू लावत. आता घोडं नाही, म्हणून इतकी वर्षं मी खोगिराच्या मोकळ्या खुंटीलाच लावतो. आज लावून आलो आणि तुझ्या पत्राला बसलो. महानंदाला सांगणार नाही. पण योगासनं करून तुझ्या कपड्यांना घोड्याचा वास कसा येतो हे तिला एक दिवस कळेल, तेव्हा माझ्याकडे बोट दाखवू नकोस.

तुझ्या पणजोबांनी घोडे फेरून शिकवले, आजोबांनी फेरले, मी पलटणीत सव्वीस वर्षं फेरले. आडनाव चाबकाचं, पण आपला चाबूक भिंतीवर टांगलेला असायचा. पलटणीतली पोरं मला ‘थांबासाहेब’ म्हणत. दिवसातून शंभरदा मी तेवढंच सांगायचो.

तुलाही तेच सांगतो. महिनाभर बसायचं नाव काढू नकोस. घोडीला ठोकळ्याशी ने, तिच्या शेजारी उभी राहा, परत आण. तिने पाऊल टाकलं तर रागावू नको, गोल फिरवून पुन्हा तिथेच आण. दोन आकडे मोजेपर्यंत उभी राहिली तरी मानेवर थाप दे आणि घरी जा. हातातलं घड्याळ गाडीत ठेवत जा.

आणि तिचं नाव ठेवू नकोस. आपल्याकडे घोडं चढायच्या दगडाशी आपणहून उभं राहिल्याशिवाय त्याला नाव देत नाहीत. तोवर ते पाहुणं. पाहुण्याला कोणी हुकूम सोडतं का?

जानेवारीअखेरची बोली तू केलीसच कशाला? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. तारीख तुला कळते, त्या प्राणेशला कळते, घोडीला कळत नाही.

तात्या


जे. पी. नगर
१७ नोव्हेंबर २०२४

ती. तात्या,

महिना म्हणालात, पाच आठवडे झाले. मी आता बुधवारीही पहाटे जाते. ऑफिसात रिलीज तोंडावर आलाय, टीम मला शोधत असते आणि मी ठोकळ्याशेजारी आकडे मोजत उभी. बुधवारी ती अकरापर्यंत थांबली. मला वाटलं जिंकलं. आज पुन्हा तीन.

प्राणेश आज म्हणाले, “मॅडम, हे हॉर्स रायडिंग स्कूल आहे. हॉर्स स्टँडिंग स्कूल नाही.” सगळे हसले. मीही हसले आणि घरी येऊन रडले. वरातवाला माणूस तिला बघून गेला. त्याने तिचे दात बघितले, खूर बघितले, डोळे बघितले नाहीत.

तिचा मोतद्दार यल्लाप्पा अथणीकडचा आहे. आयुष्य शर्यतीच्या घोड्यांचा खरारा करण्यात गेलं. तो दर वेळी कुंपणाला टेकून बघतो. “अक्का, आज बी उभ्याच काय?” म्हणतो, काहीतरी बोलायला तोंड उघडतो आणि बादली उचलून निघून जातो. त्यालाही माझी कीव येत असावी.

तात्या, दहा आठवडे उरलेत. ती नुसती उभी राहून मला पुढे जाता येणार नाही. तुमच्याकडे याहून पुढचं काहीतरी असणार. सव्वीस वर्षांत एखादा हट्टी घोडा भेटलाच असेल. त्याचं काय केलंत ते सांगा. मला खरंच दुसरं कोणी नाही विचारायला.

आणि चढायचा दगड कुठला? मला परसातला एकच दगड आठवतो, न्हाणीघराजवळचा, धुण्याचा. त्यावर बसून मी शेंगा खायची.

कस्तुरी


मळा, निपाणी
२२ नोव्हेंबर २०२४

चि. कस्तुरी,

पत्र तीनदा वाचलं. घरी येऊन रडलीस ते बरं नाही वाटलं.

ऐक तर. अकरावरून तीनवर आली, म्हणजे तिने तुला जोखलंय. हाताने तू ढिली असणार. लहानपणी पतंगही ढिलाच धरायचीस. आता असं कर. ठोकळ्याशी आणलीस की डाव्या हातात लगाम आखूड घे. चांगला आवळ. तोंड असं आवळून धर की तिला पुढे जायला जागाच उरू नये. मग बेलाशक पाय टाक आणि बस. दोनचार वेळा झालं की समजेल, इथे हलता येत नाही. पलटणीत कोवळी घोडी आम्ही अशीच सरळ केली.

त्या प्राणेशला म्हणावं, नव्या वर्षात चाबुकस्वारांची पोर बसलेली बघशील.

दगडाचं विचारलंस. तो धुण्याचाच आहे. बाकी काही नाही.

इतक्या वर्षांनी कोणी घोड्याचं विचारतंय, म्हणून जरा लांबलं. कळव.

तात्या


जे. पी. नगर
१४ डिसेंबर २०२४

ती. तात्या,

हे पत्र छापील आहे, राग मानू नका. ऑफिसात कामाचा डोंगर आहे, म्हणून तिथेच टाइप करून प्रिंट काढलं.

घोडी बरी आहे. थंडी पडलीय. तुम्ही सांगितलेलं करून बघितलं. सध्या थोडी विश्रांती दिलीय. उत्तराची घाई नाही. कानाचं यंत्र वापरत जा.

कस्तुरी


मळा, निपाणी
१९ डिसेंबर २०२४

चि. कस्तुरी,

पत्र पोचलं. बँकेचं असेल म्हणून दोन दिवस फोडलं नव्हतं. छापील पत्र मला आजवर फक्त पेन्शनवाल्यांनी पाठवलंय, आणि त्यांनासुद्धा ‘आपला विश्वासू’ म्हणायची रीत आहे. माझ्या पानभर उपदेशाला तुझ्याकडून सहा ओळी. ‘करून बघितलं.’ काय बघितलं? घोडी थांबली का? बसलीस का? कंटाळली असशील तर तसं लिही, म्हातारा रुसणार नाही. रुसलाच तर निपाणीत रुसेल, तुला ऐकू येणार नाही.

एवढं लिहून चहाला उठलो होतो. आता पुन्हा बसलोय.

चहा पिताना तुझी सही बघितली. तुझा ‘क’ आजवर उजवीकडे झुकायचा. हा डावीकडे पडलाय, आणि ‘स्तु’ तर दुसरीतल्या मुलीचा आहे. मी सव्वीस वर्षं रंगरूट बघितलेत, कस्तुरी. घोड्यावरून पडलेला रंगरूट डाव्या हाताने सही करतो तेव्हा ती अशीच दिसते.

कुठला हात? हाड मोडलं की नुसतं सरकलं? डोक्याला लागलं नाही ना? माझं सांगणं तंतोतंत केलंस आणि पडलीस, असंच झालं ना? खरं लिही. एका बोटाने टाइप कर, पण खरं लिही. आणि घरी कोणाला काय सांगितलंस तेही.

तात्या


जे. पी. नगर
२९ डिसेंबर २०२४

ती. तात्या,

उजवं मनगट. हाड मोडलंय. तेरा जानेवारीला प्लास्टर निघेल. डोक्यावर हेल्मेट होतं. शेजारच्या धनलक्ष्मीअक्का वेणी घालून देतात. आईला न्हाणीत पाय घसरला असं सांगितलं.

एक डिसेंबरची गोष्ट. तुमचं पत्र माझ्या खिशात होतं. लगाम आखूड घेतला, आवळला, एक पाय रिकिबीत घातला. तिने मान खाली घातली, आवळलेल्या लगामावर आपलं सगळं वजन टाकलं आणि जी सुटली ती कुंपणापर्यंत. मी ठोकळ्यावर पडले. तिला माझा राग आला नव्हता, तात्या. पडताना मला तिचा डोळा दिसला. ती फार मन लावून काहीतरी करत होती.

यल्लाप्पाने मला उचललं, खांद्यावरचा पंचा काढून हात गळ्यात बांधला आणि मग पहिल्यांदा बोलला. त्याचं बोलणं तसंच लिहिते.

“अक्का, तिला तुमी पळ म्हणून सांगितलासा. तिनं ऐकलं. शर्यतीच्या घोडीला लगाम आवळला की पळायचं, हे लहानपणापासनं शिकवत्यात. ढिला सोडला की काम संपलं. आनि उभारून कोन बसतंय तितं? घोडी चालतच असतीया, आमी स्वाराचा पाय धरून वर उचलून टाकतो. तिला उभारायला कुनी कधी शिकवलंच नाही. आता तुमी उभार म्हणतासा आनि पळायची खूण करतासा. तिनं काय करावं?”

मी विचारलं, आधी का नाही बोललास? तर म्हणाला, “तुमी आनि तुमचे तात्या येवढं मोठं पत्र लिवून बोलत होतासा. मला कोन इचारतंय?”

खरंच विचारलं नव्हतं. रोज समोर उभा होता. मी त्याला फक्त बादली आणायला सांगितली.

तुम्हाला कळवायचं नव्हतं, कारण तुम्ही स्वतःला बोल लावाल. लावू नका. एकतीस जानेवारीला प्राणेश परीक्षा घेणार आहेत. घोडीवर मी बसून दाखवायचं.

कस्तुरी


मळा, निपाणी
६ जानेवारी २०२५

चि. कस्तुरी,

बोल लावू नका म्हणतेस. बोल कोणाला लावायचा ते आता तुला सांगितल्याशिवाय मला गत्यंतर नाही. हे पत्र मी चार दिवसांत चौथ्यांदा लिहितोय. तीन चुलीत गेली.

त्र्याऐंशी साल. मी चार दिवसांच्या रजेवर आलो होतो, एकोणतीस वर्षांचा, दफेदार, मिशीला पीळ. वडील, आबा, कोल्हापूरला गेलेले. घरात एक तरणं घोडं होतं, वडील त्याला सहा महिने सबुरीने फेरत होते. ते दगडाशी उभं राहायला अजून तयार नव्हतं, म्हणून त्याला नावही नव्हतं. त्या दिवशी इचलकरंजीचा एक गिऱ्हाईक आपणहून बघायला आला. मला वाटलं, वडील येईपर्यंत सौदा करून टाकू, म्हणजे पलटणीत काय शिकलो ते त्यांना दिसेल. धाकटा शरद वीस वर्षांचा होता, माझ्याहून हलका. मी त्याला म्हटलं, चढ. तो म्हणाला, दादा, हे उभं राहत नाही अजून. गिऱ्हाईक बघत होता. मी खालून ओरडलो, आवळ! आवळ लगाम!

त्याने आवळला. मी सांगितलं आणि त्याने केलं नाही असं त्याच्या हातून कधी झालंच नाही. घोडं मागच्या पायांवर उभं झालं आणि मागे दगडावर पडलं. शरदचा पाय मधे होता.

तुझे बाबा चिंचेवरून पडले नव्हते, कस्तुरी. चिंच त्यानेच काढली, दवाखान्यात, शुद्धीवर येताच. “दादाची रजा चार दिवसांची आणि आबांचा राग जन्माचा,” असं मला म्हणाला आणि डोळे मिटले. पुढे जन्मभर लंगडला, आणि त्याने तो शब्द एकदाही बदलला नाही. मीही बदलला नाही. आपल्या घरात घोड्यावरून पडलेलं माणूस नेहमी दुसरीकडूनच पडतं. तो चिंचेवरून, तू न्हाणीत.

तो चढायचा दगड मी रजा संपायच्या आत उपसला आणि ओढत परसात नेला. त्यावर धुणं सुरू झालं. तू त्यावर बसून शेंगा खायचीस तेव्हा मी तिकडे फिरकत नसे. पलटणीत मी थांबा, थांबा म्हणत फिरलो ते यामुळे. पुढे घरात घोडं बांधलं नाही ते यामुळे. चाळीस वर्षं जो शब्द मी जिभेवर येऊ दिला नाही, तो तुला पोस्टाने पाठवला. का? तू ‘दुसरं कोणी नाही विचारायला’ लिहिलंस, त्याचा मला कैफ चढला. मी घोडीबद्दल एक प्रश्न विचारला नाही. ती कोरी पाटी आहे असं धरून चाललो. तिच्यावर आधी कोणी काय लिहिलंय हे यल्लाप्पाला ठाऊक होतं.

त्याचं ऐक. माझं ऐकू नकोस. आणि माझ्याशी बोलायचं नसेल तर तेही समजेन.

तात्या


जे. पी. नगर
२ फेब्रुवारी २०२५

तात्या,

चार आठवडे उत्तर दिलं नाही. काय लिहायचं ते सुचत नव्हतं असं नाही, फार सुचत होतं.

बाबा शाळेच्या स्नेहसंमेलनाला मागच्या रांगेत बसायचे, कारण पुढे येताना सगळे त्यांच्या पायाकडे बघत. मी लहान असताना एकदा त्यांना म्हटलं होतं, कशाला चढलात चिंचेवर, मूर्खासारखे? ते हसले होते. त्या हसण्याचं काय करू ते मला सांगा. मी तुमच्यावर रागावले आहे. हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

आता पुढचं. परवा परीक्षा झाली.

प्लास्टर निघाल्यापासून मी यल्लाप्पाचीच शिकवणी लावली होती. लगाम ढिला, मान मोकळी. घोडी ठोकळ्याशी वीस आकडे थांबायला लागली, पण रोज नाही. परवा सकाळी शेजारच्या शेडचं पत्र्याचं काम निघालं आणि ती तीनही थांबेना. प्राणेश आले, वरातवाला आला, शाळेच्या मुलांचे चार आईबाप आले. यल्लाप्पा माझ्या कानाशी आला. “अक्का, चालत्या घोडीवर उचलून टाकतो तुमास्नी. एकदा वर गेलासा की ती लोण्यागत चालतीया. कुनाला कळनार नाही.”

खरं होतं ते. दोन मिनिटांत मी वर असते, मैदानाला दोन फेऱ्या मारते आणि घोडी राहते. पायसुद्धा उचलला होता मी. तेवढ्यात त्या चार आईबापांपैकी एकीने आपल्या मुलाच्या हेल्मेटचा पट्टा बांधला. तो पुढच्या रविवारी याच घोडीवर याच ठोकळ्यावरून चढणार होता, आणि कोणीतरी खालून त्याला सांगणार होतं, आवळ.

मी पाय खाली ठेवला. प्राणेशना म्हटलं, ही अजून तयार नाही. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. “सरी, बरं,” म्हणाले. वाईट माणूस नाही तो. पंधरा फेब्रुवारीपर्यंत मुदत दिलीय. मग वरातवाला नेईल. मी के. आर. पुरमपर्यंत सगळे तबेले पालथे घातले. चढता येत नाही अशी घोडी कोणाला नकोय.

बाबांची आठवण काढून मी तिला हरवून आले, तात्या. बरोबर केलं असं डोकं म्हणतं, पण रात्री झोप लागत नाही.

कस्तुरी


मळा, निपाणी
६ फेब्रुवारी २०२५

चि. कस्तुरी,

घोडी इकडे पाठव.

गोठ्याची एक बाजू झाडून घेतली आहे. गव्हाणीला नवी फळी मारली. काल पहार घालून चौघांनी परसातला दगड उपटला आणि जुन्या जागी नेऊन बसवला. चाळीस वर्षांच्या साबणाने गुळगुळीत झालाय, त्यावर टाकीचे घाव घालून घेतले.

तिला उभं राहायला वर्ष लागेल, दोन लागतील. मी एकाहत्तरचा आहे. आपल्या दोघांत घाई करायची पाळी माझी आहे. करणार नाही.

यल्लाप्पाला सोबत पाठव. मला शिकायचंय.

रागाचं काही लिहीत नाही. तो तुझा आहे, ठेव हवा तितके दिवस.

तात्या


जे. पी. नगर
१४ फेब्रुवारी २०२५

तात्या,

उद्या पहाटे ट्रक निघेल. यल्लाप्पा सोबत आहे, हे पत्र त्याच्याच हाती देतेय, आठवडाभर राहील. तिला गाजर चालतं, ताडपत्रीचा आवाज चालत नाही. उजव्या कानामागे खाजवलं की मान खाली करते.

मी येत नाही. तो दगड बघायची माझी तयारी नाही. तुम्हीही लिहू नका. तयारी झाली की मी सांगेन.

तिला सांभाळा.

कस्तुरी


मळा, निपाणी
दसरा, २ ऑक्टोबर २०२५

चि. कस्तुरी,

लिहू नका म्हणालीस, साडेसात महिने लिहिलं नाही. आज मोडतो. थोडक्यात आवरतो.

यल्लाप्पा आठवड्यासाठी आला तो आषाढापर्यंत राहिला. त्याने मला लगाम धरायला शिकवलं, म्हणजे सोडायला. मी चुकलो की म्हणायचा, “तात्या, स्वल्प थांबा.” थांबासाहेबाला थांबा म्हणणारा पहिला माणूस.

महानंदाला मी सगळं सांगितलं, तुझं आणि माझंही. चैत्रात, गावात तिच्या घरी जाऊन. हात जोडून उभा होतो. ती डाळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, “मला ठाऊक होतं, भाऊजी. लग्नाच्या पहिल्या महिन्यातच त्यांनी सांगितलं होतं. दादा आपणहून सांगेल तोवर विषय काढायचा नाही, असं माझ्याकडून वचन घेतलं होतं.” चाळीस वर्षं ती आणि तो माझ्यासाठी थांबले होते, आणि सबुरीचा मान मी मिरवत होतो. त्यानंतर दर गुरुवारी ती घोडीसाठी गूळ घेऊन येते. तुझ्या योगासनांबद्दल ती तुला स्वतः विचारणार आहे.

आज सकाळी घोडीला दगडाशी नेलं. दोर तिच्या मानेवर टाकला, हात सोडले आणि दगडावर चढून उभा राहिलो. ती थांबली. रस्त्याने दूधवाल्याची मोटारसायकल फटफटत गेली, तिने कान हलवला, पाय नाही. मी शंभर मोजले, मग मोजायचं विसरलो. तिने मागचा एक पाय सैल सोडला. घोडं निवांत झालं की सोडतं तसा. तिची पाठ माझ्या गुडघ्याशी होती. पाय टाकला असता तर बसलो असतो.

टाकला नाही. तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि उतरलो. यंदा खुंटीला लावलं नाही.

तिचं नाव ठेवायचं राहिलंय. ते तुझ्याकडे आहे. दगड जागेवर आहे, घोडी उभी राहते, मी पण आहे. तुझी तयारी झाली की ये. तोवर आम्ही थांबतो.

तात्या